दसऱ्याआधीचं गवत

शालनबाई लोंढे कुठलीच वस्तू वरची उचलत नाही. मंडईत तिचा हात मेथीच्या ढिगात सरळ तळाशी जातो. लग्नाच्या पंगतीत बसली की आधी पत्रावळ उलटी करून बघते. तिचा नवरा ज्योतीराम याला त्याची लाज वाटते. तिला वाटत नाही.

हे वळण तिला कामाने लावलं. महाळुंग्याच्या एका कंपनीत, बाहेरून आलेला माल तपासायच्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी आहे. रबराच्या रिंगा, स्प्रिंगा, पत्र्याच्या टोप्या. पेटी उघडली की वरचा थर चांगलाच असतो. माल पाठवणारा काही खुळा नसतो. म्हणून नमुना पाच ठिकाणांहून काढायचा. चार कोपरे आणि तळ. त्यात खोट निघाली की पेटीवर लाल चिठ्ठी. मग सुपरवायझर समजूत घालू दे, नाहीतर पुरवठादाराचा माणूस मिठाईचा पुडा पुढे करू दे. शालनबाईने लावलेली चिठ्ठी निघत नाही.

कंपनीच्या फाटकाशी हिरवळीवर शोभेसाठी दोन ससे ठेवलेले होते. गेल्या डिसेंबरात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कंपनी बघायला यायची ठरली आणि वरून हुकूम आला, आवारात जनावरं नकोत. कँटीनच्या कंत्राटदाराने पिंजऱ्याशी उभं राहून मसाल्याची भाषा सुरू केली. शालनबाईच्या कानावर ते जेवणाच्या सुट्टीत आलं. तिने डबा झाकला. माल ठेवायची एक प्लास्टिकची पेटी घेतली, दोन्ही ससे त्यात घातले आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. सुरक्षारक्षक म्हणाला, गेटपास लागेल. लिही म्हणाली. त्याने लिहिलं. वस्तू: ससा. नग: दोन. परत येणारा माल की न येणारा, या रकान्याशी तो अडला.

"न येणारा," शालनबाई म्हणाली. "ठळक लिही."

एका सशाचा उजवा कान मोडलेला होता. थोडी डागडुजी करून चालवता येईल अशा मालाला कंपनीत रिवर्क म्हणतात. त्याचं नाव रिवर्क पडलं. दुसऱ्यात काही खोट सापडेना. तो ओके.

आकुर्डीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली, पुढे हातभर गॅलरी. ज्योतीराम कंपनीची बस चालवतो. त्याने गॅलरीतले ससे बघितले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "आमच्याकडं सशाला खायला घालत नाहीत, सशाला खातात." त्यावर शालनबाईने त्याला जेवायला वाढलं. ससे राहिले.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती प्रेमाने झाली.

शालनबाई लातूरजवळच्या औशाकडची. माहेरी दावणीला दोन म्हशी होत्या. दारात आलेल्या जनावराला घरातलं उत्तम घालायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं. आणि उत्तम म्हणजे लसूणघास. आकुर्डीत देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसते. लोक तिच्याकडून घासाची पेंडी विकत घेतात आणि तिच्याच गाईला घालतात. शालनबाई रोज सकाळी दोन पेंड्या घ्यायची आणि पिशवीत टाकायची. गाईवाली चिडायची, गाईच्या तोंडचा घास पळवता म्हणायची. शिवाय चाकणच्या बाजारातून दुभत्या गाईची गोळीपेंड. ससे चकाकले. रिवर्क तर उशीसारखा झाला. जुलैत त्याचं मूत पांढरं आणि दाट व्हायला लागलं, भिजवलेल्या चुन्यासारखं. शालनबाईला वाटलं, खाल्लेलं अंगी लागतंय. म्हशीचं दूध दाट झालं की तिची आई अशीच खूश व्हायची.

मग एका सकाळी रिवर्क कोपऱ्यात पाठ उंच करून बसला. जागचा हलेना. जवळ गेलं की दातांची करकर ऐकू यायची. शालनबाईने एकोणीस वर्षांत मोजून सहा रजा घेतल्या होत्या. सातवी घेतली.

सांगवीला ओवी नावाची तरुण डॉक्टर आहे. तिला सशांचं कळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. तिने रिवर्कचा एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. मूत्राशयाच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा होता. त्यात गाळ साचला होता, टाकीच्या तळाशी साचतो तसा. लसूणघासात चुना फार. म्हशीच्या अंगातला चुना दुधावाटे जातो. सशाच्या अंगात तो सगळा मुतात उतरतो आणि तिथेच बसतो. गुरांच्या पेंडेतला युरिया गाईच्या पोटाला चालतो, सशाच्या नाही.

"मावशी, हा दूध देणार नाहीये," ओवी म्हणाली. "तुम्ही याला म्हशीसारखा पोसलाय."

शालनबाई त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खोट माझ्या हातून गेली."

ओवी हो म्हणाली. गोड बोलून झाकलं नाही. शालनबाईला ती तेवढ्यात आवडली.

ओवीने गाळ धुऊन काढला. त्याला चार दिवस लागले. मग तिने समोर बसवून सांगितलं. लसूणघास बंद, पेंड बंद. यापुढे गवत, साधं वाळलेलं गवत, चोवीस तास पुढ्यात. सशाचे दात मरेपर्यंत वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आतडीही गवतानेच चालतात. पण ते गवत हिरवं असतानाच कापून वाळवलेलं हवं. धूळ नको, बुरशी नको, कुसळं तर नकोतच; ती हिरडीत घुसतात. त्याबरोबर भरपूर तंतू असलेली गोळी, दिवसाला एक चमचा. पुन्हा गाळ साचला तर पोट उघडावं लागेल, आणि या वजनाचा ससा भुलीतून उठेल याची हमी ती देणार नव्हती.

तिने परदेशी गवताची एक पिशवी दिली. शालनबाईने किंमत बघितली. पिशवी उलटी केली आणि पुन्हा बघितली. किलोभर गवताला तिच्या घरचा आठवड्याचा किराणा. ती पिशवी नऊ दिवस पुरली.

ज्योतीराम म्हणाला, माळावर सोडून देऊ. रानातलं जनावर रानात. शालनबाई म्हणाली, हा रानात जन्मलेला नाही, कंपनीच्या फाटकात वाढलाय; रस्ता ओलांडायचा तर हा सिग्नलची वाट बघेल. आणि असा सोडायचाच होता तर कँटीनवाला काय वाईट होता?

तिने शोध सुरू केला. पहिलं दुकान स्टेशनजवळचं. कुत्र्यांचे पट्टे, माशांच्या टाक्या आणि कोपऱ्यात गवताच्या पारदर्शक पिशव्या. समोरून हिरव्यागार. शालनबाईने एक पिशवी घेतली, विकत घेतली, आणि तिथेच काउंटरवर फोडली. हात तळाशी घातला. मूठभर भुस्सा वर आला, तपकिरी, तंबाखूसारखा. तिने बिलाचा कागद पांढऱ्या बाजूने पसरला आणि त्यावर गवत झटकलं. कागद राखाडी झाला.

"मावशी, गवत आहे ते," दुकानदार म्हणाला. "सोनं नाही."

"भाव सोन्याचा लावलाय म्हणून कसोटी लावली," शालनबाई म्हणाली. पैसे परत घेऊनच ती तिथून हलली. त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं पिशव्या जागेवर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दुकानातलं गवत पिवळं होतं, तिसऱ्यातल्या गवताला ओल्या पोत्याचा वास होता. चाकणला कडबा मिळाला. तो सशाला म्हणजे काठीच. मावळातून भाताचा पेंढा आणला. त्यात चावायला काही नव्हतं आणि धूळ मात्र होती. दर खेपेला ती नमुना घरी आणायची, पांढऱ्या कागदावर पसरायची, काडी मोडून बघायची, वास घ्यायची. टेबलावरची पोरं हसायला लागली. मावशी गवताला पण लाल चिठ्ठी लावते म्हणाली. ती म्हणाली, लावते. आणि तुमच्या डब्यालाही लावेन, आजची भाजी कालची आहे.

गोळीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला, कारण गोळी कारखान्यात होते आणि कारखान्याशी कसं बोलायचं हे तिला माहीत होतं. रंगीबेरंगी दाणे घातलेली गोळी तिने पहिल्याच दिवशी बाजूला काढली. त्यात मका होता. ससे खाटकासाठी पाळणाऱ्यांची गोळी स्वस्त होती, पण ती अंग भरायला, आणि पुन्हा लसूणघासाचीच. मग ती पिशव्यांवरचे नंबर घेऊन जेवणाच्या सुट्टीत फोन करायला लागली. म्हणायची, या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट पाठवा. चौघांनी फोन ठेवला. सशाच्या खाण्याचं सर्टिफिकेट मागणारी बाई त्यांनी आधी ऐकली नव्हती. पाचवा एक लहान कारखानदार होता, सांगलीकडचा. तो म्हणाला, ताई, आहे माझ्याकडं, पण आजवर कुणी मागितलंच नव्हतं. संध्याकाळी फोनवर कागद आला. तंतू भरपूर, चुना कमी, तारीख ताजी. वीस किलोचं पोतं स्वस्त पडत होतं, पण दोन सशांना ते संपेपर्यंत शिळं झालं असतं. शालनबाईने ओवीच्या दवाखान्यात येणाऱ्या सात घरांत ते वाटून घेतलं.

गवताला मात्र कारखाना नव्हता. सर्टिफिकेट कुणाकडे मागणार? भाद्रपद लागला. परदेशी गवताची तिसरी पिशवी चालू होती आणि तिच्या मंगळसूत्राचा एक पदर सोनाराकडे गेला होता. चौथी पिशवी येणार नव्हती.

तपासणीच्या टेबलामागे एक खिडकी आहे. तिच्यातून कंपनीची मागची भिंत दिसते आणि भिंतीपलीकडे माळ. एकोणीस वर्षं तो माळ तिच्या पाठीमागे होता. त्या दिवशी स्प्रिंगांची पेटी उचलताना ती वळली आणि माळ तिला दिसला. गुडघाभर गवत वाऱ्यावर एका बाजूला लवत होतं. नुकतंच निसवायला लागलं होतं, तुरे डोकावत होते.

जेवणाची सुट्टी होताच ती मागच्या फाटकाने गेली. गवत मारवेल होतं. मध्येमध्ये कुसळीचे ठोंब, अजून कोवळे, कुसळं बाहेर यायची होती. तिने एक काडी तोडून चावली. गोड होती.

माळ साहेबराव नावाच्या म्हाताऱ्याचा. घर जुनं, गावातलं. आजूबाजूची जमीन कंपन्यांत गेली, तेवढा तुकडा राहिला. साहेबराव पडवीत बसला होता. त्याची सून विजयश्री लसूण सोलत होती. शालनबाईने सरळ विचारलं, सशांसाठी माळावरचं गवत कापू का.

"दसऱ्याला ये," साहेबराव म्हणाला. "पयला भारा म्हसोबाम्होरं ठिवतो. मंग माळाला इळा लागतो. त्याच्या आदी न्हाई."

शालनबाई म्हणाली, दसऱ्यापर्यंत कुसळं येतील. गवत पिवळं पडेल. येऊ दे की, तो म्हणाला, गुरं खात्यात. तिने गोठ्याकडे बघितलं. गोठा रिकामा होता. विजयश्रीने हळूच सांगितलं की सात वर्षं झाली बैल जाऊन. गवत दरवर्षी दसऱ्यानंतर कापतात आणि आंब्याच्या पेट्यांत घालायला फळवाला घेऊन जातो.

म्हणजे ते कुणीच खात नव्हतं.

"घराण्याची रीत हाय," साहेबराव म्हणाला. "माझ्या आज्यानं मोडली न्हाई, बापानं मोडली न्हाई. सशापायी आमी मोडू व्हय?"

शालनबाई त्याच्यासमोर पडवीत खाली बसली.

"आप्पा, आखाडात तुमच्या माळातनं जेसीबी गेला. केबल टाकायला. आमच्या टेबलापर्यंत आवाज येत होता. कंबरेएवढा चर पडला, उभ्या गवतातनं. तेव्हा तुमच्या म्हसोबानं दसऱ्यापर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं का?"

विजयश्रीचा हात लसणावर थांबला. साहेबरावाची मान ताठ झाली. माझ्या दारातनं ऊठ, असं तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण शब्द तेच होते.

"उठते की," शालनबाई म्हणाली. "जेवणाची सुट्टी दहा मिनिटं उरलीय. तेवढी झाली की उठते."

ती बसून राहिली. म्हातारा माळाकडे तोंड करून बसला. विजयश्रीने पाणी आणून दोघांच्या मध्ये ठेवलं आणि आत निघून गेली. कंपनीचा भोंगा व्हायला दोनेक मिनिटं असतील तेव्हा साहेबरावाने खाकरलं. तो तिच्याशी बोलत नव्हता. माळाशी बोलत होता.

"चराच्या पल्याड एक तुकडा हाय. भितीला लागून. चर पडला तवाच त्यो माळातनं तुटला. त्याला ना म्हसोबाची रीत, ना आमची."

"मग कापू का?"

"मी काप म्हनलो न्हाई. त्यो माळ न्हाई, येवढंच म्हनलो."

शालनबाई उठली.

रविवारी ती माहेरचा विळा घेऊन आली. हा विळा लग्नात तिच्यासोबत आला होता, आणि आकुर्डीत इतकी वर्षं त्याने फक्त नारळ सोलले होते. सकाळी ऊन चढायच्या आत ती वाकली. कुसळीचे ठोंब सोडून द्यायचे, मारवेल घ्यायचं. तासाभराने कंबर बोलायला लागली. बावन्न वर्षांची कंबर. तिने ऐकलं नाही.

चराच्या अलीकडे साहेबराव येऊन बसला होता. बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "लातूरकडचा हात दिसतोय. बुडातनं कापतीस."

"मग कसं कापायचं?"

"चार बोटं सोडून. मागनं पुन्ना फुटतं."

तिने पुढच्या ओळीपासून चार बोटं सोडली. दुपारपर्यंत अकरा भारे झाले. ज्योतीराम बस धुवायला न्यायच्या निमित्ताने आला, भारे बघून कपाळाला हात लावला, सीटवर एक काडी सापडली तर नोकरी जाईल म्हणाला, आणि मग स्वतःच मागच्या सीटांवर ताडपत्री पसरली.

गवत सावलीत वाळवायचं होतं, म्हणजे हिरवं राहतं. गच्चीत एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि इमारतीच्या मालकाने येऊन बजावलं की गच्ची म्हणजे खळं नाही. शालनबाई म्हणाली, खरं आहे. तिने सगळं गवत खोलीत आणलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि जुड्या करून टांगल्या, कपडे वाळत घालतात तशा. पंखा पाचावर. खोलीत वाकून चालावं लागायचं. ज्योतीराम शिंकून शिंकून बेजार झाला. चौथ्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "या घरात आता एक तर गवत राहील, नाहीतर मी."

"तुमची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे," शालनबाई म्हणाली. "गवत तरी दिवसभर घरी असतं."

तो हसला. हसायचं नव्हतं, पण हसला.

सहाव्या दिवशी काडी कट्‌कन मोडली. त्याच दिवशी परदेशी पिशवी संपली. शालनबाईने पहिली जुडी सोडली आणि रिवर्कपुढे ठेवली. ओकेने दोन काड्या ओढल्या आणि सोडल्या. रिवर्कने हुंगलं आणि पाठ केली.

दुपार झाली. त्याने तोंड लावलं नाही. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर सशाची आतडी थांबतात, असं ओवीने सांगितलं होतं. एकदा थांबली की पुन्हा चालू होतीलच असं नाही. शालनबाई आणखी एक रजा घेऊन गॅलरीत त्याच्याशेजारी बसून होती. ज्योतीराम खाली गेला आणि देवळाबाहेरून लसूणघासाची एक पेंडी घेऊन आला. ती पुढे धरली. रिवर्कचं नाक लगेच हलायला लागलं.

"एक घास," तो म्हणाला. "उपाशी मरण्यापेक्षा."

"नाही."

"शालन, अगं मरेल तो."

"ह्यानेच मरत होता."

तिने पेंडी त्याच्या हातातून घेतली आणि गॅलरीबाहेर टाकली. खाली रिक्षावाल्याच्या टपावर पडली. तो वर बघून काहीतरी बोलला.

मग ती आत गेली. आपलं काय चुकलं हे तिला दोऱ्यांखाली उभं राहिल्यावर कळलं. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या मालाची तळापासून तपासणी केली आणि स्वतःचा माल हाताशी आला तसा उचलून पुढे ठेवला. तिने पाच ठिकाणांहून जुड्या काढल्या आणि एकेक नाकाशी धरली. दाराजवळची ठीक. खिडकीजवळची ठीक. तिसरी गॅसच्या वर टांगलेल्या दोरीची; सशांना दिलेली जुडीही तिथलीच. तिला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. सहा दिवसांच्या आमट्या आणि भाज्या त्या गवतात मुरल्या होत्या. माणसाला तो वास घराचा वाटतो. त्यामुळे तिच्या नाकाला तो वेगळा असा आलाच नव्हता.

गॅसवरच्या दोन्ही दोऱ्या तिने रिकाम्या केल्या. पावणेदोन भारे गेले. हळहळली नाही. खिडकीजवळची जुडी घेऊन गॅलरीत आली, काड्या सुट्या केल्या आणि पिंजऱ्यात न ठेवता हातात धरून बसली. हात आखडला तेव्हा दुसऱ्या हातात धरली. ज्योतीरामला ड्युटीवर निघायचं होतं, तो बूट घालून तसाच उभा राहिला.

रिवर्कने मान वळवली. एक काडी टोकाकडून तोंडात घेतली. ती हळूहळू आत जायला लागली, लेथवर सळई आत सरकते तशी, एका वेगाने, न थांबता. मग दुसरी. गॅलरीत चावण्याचा कुरकुर आवाज यायला लागला. ज्योतीराम जिन्याने खाली गेला. खाली रिक्षावाल्याशी त्याचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं, पण ते भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून शालनबाईने सशांच्या लेंड्या पांढऱ्या कागदावर घेऊन बघायला सुरुवात केली. चांगली लेंडी गोल, कोरडी, पिवळसर आणि हरभऱ्याएवढी. आठवड्याने ती सांगवीला गेली तेव्हा तिच्याकडे मोजमापं होती, व्हर्नियर कॅलिपरने घेतलेली. ओवीने कागद दोनदा वाचला. नवा एक्स-रे काढला. मूत्राशयाच्या जागी काळोख होता, हवा तसा. तिने गवताची एक काडी मोडली, हुंगली, आणि विचारलं की हे तिला आणखी घरांसाठी मिळेल का. शालनबाई म्हणाली, मिळेल, पण वाळवायला घर ज्याचं त्याने द्यायचं.

चार बोटं सोडलेलं गवत पुन्हा वीतभर झालं होतं, तेव्हा दसऱ्याच्या चार दिवस आधी साहेबराव कंपनीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तिला बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या फाटकाशी आला होता. घरात कुणी गेल्यावर सांगावं तसं त्याने सांगितलं. कंपनीची मागची भिंत पुढे सरकणार होती. मोजणी झाली, खुणा मारल्या. चराच्या पल्याडचा तुकडा जाणार.

"कधी?" शालनबाईने विचारलं.

"दिवाळी झाली की."

"मग आहेत की दिवस." तिने हातमोजे काढून खिशात घातले. "जागा दाखवा."

"कशाला?"

"ठोंब लावायला. मारवेल मुळासकट निघतं. ओल आहे तोवर लावलं की धरतं."

माळावर लाव, तो म्हणाला. माळ मोकळाच आहे.

"माळावर तुमची रीत आहे. मला भादव्यात कापायचंय, दर वर्षी. तुमच्याशी दर वर्षी भांडायला मला सुट्टी मिळणार नाही."

म्हातारा काठीवर रेलून उभा राहिला. शिफ्टच्या बसेस आत येत होत्या, त्यांना त्याने वाट दिली नाही. एक ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

"गोठ्यामागं," शेवटी तो म्हणाला. "दोन गुंठं असंल. बैलांचं शेण मुरलंय तिथं, माझ्या आज्यापासनंचं."

"तिथली रीत काय?"

"तिथं गुरंच न्हाईत. कसली आली रीत."

"मग मी सांगेन ती," शालनबाई म्हणाली, आणि आत गेली, कारण टेबलावर सात पेट्या थांबल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी कंपनी बंद होती. ती उजाडताच आली. चराच्या पल्याडचे ठोंब कुदळीने उकरले, मुळांना माती राहील असे, आणि पाटीत भरून डोक्यावर घेतले. माळातून गोठ्याकडे एकच पायवाट आहे, एका माणसापुरती. दोन्ही बाजूंना आता कुसळी तयार झाली होती आणि अंगाला लागली की टोचत होती. समोरून साहेबराव येत होता. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, डोक्यावर पहिला भारा. म्हसोबाला निघाला होता.

दोघं समोरासमोर आले आणि थांबले. ओझं दोघांच्याही डोक्यावर होतं. शालनबाई बाजूला झाली नाही.

म्हातारा कुसळीत उतरला आणि तिला वाट दिली.